बडोद्याने ठेवून घेतलेली माणसे

नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले या आपल्या दोन गोमंतकीय पोरांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिसऱ्या विकेटसाठी ६०६ धावांची अभेद्य भागी केली. स्नेहल नाबाद ३१४, कश्यप नाबाद ३००. गोव्याने २ बाद ७२७ वर डाव सोडला आणि एक डाव व ५५१ धावांनी सामना जिंकला. समोरचा संघ दुबळा होता हे खरे, पण सहाशे धावा कोणी कोणाला फुकट देत नाही. त्या दिवशी विक्रमांच्या याद्या चाळताना एक जुना आकडा पुन्हा वर आला. ५७७. बडोदे, १९४७. विजय हजारे आणि गुल महंमद.

आमच्या पिढीने हा आकडा क्रिकेटच्या पुस्तकांत इतक्यांदा वाचला आहे की त्याच्यामागे काय होते याचा विचारच कधी केला जात नाही. मला स्वतःला क्रिकेटपेक्षा संस्थानांच्या इतिहासात अधिक रस. आणि त्या ५७७ धावांत संस्थानाचा इतिहास पुरेपूर भरलेला आहे.

सामना होता रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदे विरुद्ध होळकर, मार्च १९४७. म्हणजे दोन मराठी राजघराण्यांचे संघ, गायकवाड आणि होळकर. पेशवाईत ज्यांच्या फौजा उत्तरेत चौथाई वसूल करीत फिरल्या त्यांचे वंशज आता चेंडूफळी खेळवीत होते. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला, त्यात हजाऱ्यांनीच सहा गडी टिपले. मग बडोद्याची अवस्था ३ बाद ९१ झाली. तिथून हे दोघे जे उभे राहिले ते ५३३ मिनिटे, म्हणजे जवळजवळ नऊ तास, हलले नाहीत. गुल महंमद ३१९, हजारे २८८. वर्षभरापूर्वीच वेस्ट इंडीजच्या वॉरेल आणि वॉलकॉट यांनी ५७४ धावांच्या अभेद्य भागीचा जागतिक विक्रम केला होता, तो यांनी तीन धावांनी मोडला. बडोद्याच्या एकूण धावा ७८४. होळकर दुसऱ्या डावात १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी बडोद्याचा विजय. पुढे २००६ मध्ये कोलंबोला जयवर्धने आणि संगकारा यांनी ६२४ धावा केल्या तोपर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे, कोणत्याही विकेटसाठी जगातली सर्वांत मोठी भागी ही बडोद्याची होती. चौथ्या विकेटसाठी आजही तीच.

आता गंमत पाहा. बडोद्याच्या नावावर हा विक्रम करणारे हे दोघेही बडोद्याचे नव्हते. हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, वडील शिक्षक. गुल महंमद लाहोरचा, बुटका, डावखुरा, क्षेत्ररक्षणात चित्त्यासारखा. दोघांनाही दरबाराने ठेवून घेतले होते.

‘ठेवून घेणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. हल्ली क्रिकेटच्या बातम्यांत ‘रिटेन’ केलेल्या खेळाडूंच्या याद्या येतात, दर लिलावाआधी कोणाला राखायचे आणि कोणाला सोडायचे यावर दूरचित्रवाणीवर तज्ज्ञ भांडतात. आमच्या कचेरीतली तरुण मंडळी मोबाइलवर आपापले काल्पनिक संघ बांधून हाच खेळ खेळत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यांतले पैसे गेले, वाद मात्र चालूच आहेत. पण हा खेळ आपल्याकडे नवा नाही. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला आणि संस्थानिकांनी पहिल्या काही वर्षांतच ओळखले की मैदानावर जिंकायचे तर माणसे बाहेरून आणून पदरी ठेवावी लागतील. नवानगरने १९३६-३७ मध्ये करंडक जिंकला तेव्हा त्यांचा कप्तान ससेक्सचा इंग्रज व्यावसायिक बर्ट वेन्सली होता. इंदूरच्या होळकरांनी कर्नल सी. के. नायडूंना आपल्या सैन्यात हुद्दा दिला होता, आणि त्यांच्याभोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे एकेक मोहरे जमवले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि चार वेळा जिंकला. छोट्याशा इंदूरने हे केले, मुंबईच्या नाकावर टिच्चून.

बडोद्याने हजाऱ्यांना कसे मिळवले हे पाहण्यासारखे आहे. १९३९-४० च्या हंगामात पुण्याला महाराष्ट्र आणि बडोदे असा सामना झाला. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्र संघाकडून हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातले हे पहिले त्रिशतक. नगरवाला यांच्याबरोबर त्यांनी नवव्या विकेटसाठी २४५ धावांची भागी केली, आणि ज्यांच्या गोलंदाजीवर ही सगळी लूट झाली तो संघ बडोद्याचा होता. १९४१ पासून हजारे बडोद्याकडून खेळू लागले. ज्या माणसाने आपल्याला दिवसभर उन्हात पळवले त्याला शत्रू न मानता सरळ नोकरीच देणे, यात गायकवाडी शहाणपण आहे. कोणत्या धोरणापेक्षा अनुभवाने शिकवलेले!

त्याआधी देवासच्या विक्रमसिंहराव पवारांनी हजाऱ्यांना आधार दिला होता, आणि क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाचे मार्गदर्शनही त्यांना संस्थानी आश्रयातूनच लाभले. सांगलीच्या शिक्षकाच्या मुलाला त्या काळी क्रिकेट हा धंदा म्हणून करायचा तर दुसरी वाट नव्हती. मंडळे मानधन देत नसत. कसोटी खेळूनही पोट भरत नसे. दरबारची नोकरी म्हणजे महिन्याचा पगार, राहायला जागा आणि खेळायला रजा. आम्हा सरकारी नोकरांना ‘मंजूर पद’ या शब्दाची किंमत कळते, म्हणून सांगतो, हजाऱ्यांच्या त्या संथ, निश्चल फलंदाजीमागे महिन्याच्या एक तारखेचा भरवसा उभा होता असे मला वाटते. उद्याच्या जेवणाची चिंता असलेला माणूस नऊ तास यष्टीसमोर उभा राहत नाही, तो लवकर फटके मारायला लागतो.

अर्थात सगळेच राहिले नाहीत. सी. के. नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हे बडोद्याचे हुकमी फिरकी गोलंदाज. १९४२-४३ मध्ये बडोद्याने हैदराबादला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला त्या हंगामात त्यांनी चाळीस गडी बाद केले होते. दोन वर्षांत ते होळकरांकडे गेले. थोरला भाऊ तिथे, तेव्हा आश्चर्य नाही. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांसाठी त्यांनी ९१७ चेंडू टाकले. एका सामन्यात एकशे बावन्न षटके आणि वर पाच चेंडू! त्याच सामन्यात होळकरांकडून डेनिस कॉम्प्टन हा इंग्रज नाबाद २४९ काढून गेला, महायुद्धात सैनिक म्हणून त्याची नेमणूक महूला होती म्हणून. आणि एवढे सगळे करून होळकर हरले. राजाने माणूस ठेवला म्हणजे त्याच्याकडून काम किती काढून घेतात याचा हा हिशेब.

बडोद्याची ही सवय क्रिकेटपासून सुरू झालेली नाही. सयाजीराव गायकवाड स्वतःच निवडून आणलेले. १८७५ मध्ये मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून काढले आणि जमनाबाईंनी दत्तक घ्यायचे ठरवले तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून गायकवाड भाऊबंदांतली तीन मुले आणली गेली. कशाला आलात असे विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ ‘राज्य करायला आलो’ म्हणाला आणि निवडला गेला, असे सांगतात. या गोपाळाने पुढे महाराज होऊन जन्मभर माणसे वेचली. गवई, वादक, नर्तकी यांच्यासाठी दरबारात चक्क एक खाते होते, कलावंत कारखाना. कारखाना या शब्दाला हसू नका, जुन्या मराठीत तो खात्यालाच म्हणत. गाणाऱ्यांचीही हजेरी, पगार, नियम. उस्ताद फैयाजखाँ याच दरबारात राहिले आणि १९५० मध्ये बडोद्यातच वारले. उलट तरुण अब्दुल करीमखाँ तिथून ताराबाईंना घेऊन निघून गेले, आणि त्यांच्या कन्या हिराबाई पुढे महाराष्ट्रभर ‘बडोदेकर’ म्हणून गाजल्या. ज्या गावाने घराला ठेवून घेतले नाही त्याचे नाव मुलीने आडनाव म्हणून मिरवले.

गोमंतकीयाने हे वाचताना आपल्याकडे पाहावे. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ. आपल्याला यांतले कोण ठेवून घेता आले? पोर्तुगीज अमलात देवळांच्या आणि जमीनदारांच्या आश्रयाची एक मर्यादा होती. त्यापलीकडची भूक लागली की कलावंताला मुंबई, कोल्हापूर, सांगली गाठावी लागे.

पण बडोद्याच्या या कौतुकाच्या कथेत एक पान असे आहे की ते ओलांडून पुढे जाता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सयाजीरावांनी त्यांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला. सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याला रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, पण गावात राहायला खोली मिळेना. एका पारशी खाणावळीत नाव झाकून उतरले, ते उघडकीस आल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. कचेरीत शिपाई कागद हातात न देता लांबून टाकत. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले. कामाठी बागेतल्या झाडाखाली त्यांनी त्या दिवशी काय ठरवले ते पुढे देशाने पाहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

राजाची इच्छा होती, करार होता, तिजोरीत पैसाही होता. तरी हा माणूस बडोद्याला ठेवून घेता आला नाही, कारण माणूस ठेवून घेणे हे एकट्या राजाच्या हातात नसते. घरमालकाने खोली द्यावी लागते, खाणावळवाल्याने ताट वाढावे लागते, बाजूच्या टेबलावरच्या कारकुनाने फाईल हातात द्यावी लागते. मी तीन दशके नाही तरी बरीच वर्षे टेबलामागे काढली आहेत, फाईल कशी सरकवली जाते यावरून समोरच्याला काय सांगता येते हे मला ठाऊक आहे. सयाजीरावांवर पुष्कळ गौरवग्रंथ आहेत. या प्रसंगात त्यांचा दोष किती आणि बडोदे शहराचा किती, हे मोजताना मला शहराचेच पारडे जड दिसते. पण नोकरी देताना निवाऱ्याची सोय पाहणे हे धन्याचे काम होते, आणि ते झाले नाही.

सयाजीराव १९३९ मध्ये वारले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले, आणि हजारे-गुल महंमद यांचा काळ हा त्यांचा. आता पुन्हा १९४७ च्या त्या मार्चकडे या. बडोद्यात लाहोरचा एक पंचवीस वर्षांचा मुसलमान आणि सांगलीचा एक ख्रिस्ती, गायकवाडांच्या मीठभाकरीवर, नऊ तास एकमेकांसाठी धावत होते. त्याच महिन्यात लाहोर आणि अमृतसरमध्ये दंगली पेटल्या होत्या. पाच महिन्यांनी लाहोर दुसऱ्या देशात गेले.

गुल महंमद लगेच गेला नाही. फाळणीनंतरही काही वर्षे तो बडोद्याकडूनच खेळला, भारताकडून कसोट्याही खेळला. बडोद्याचाच दुसरा लाहोरी खेळाडू अमीर इलाही. तो १९४७-४८ मध्ये सिडनीला भारताकडून एक कसोटी खेळला. १९५२-५३ मध्ये पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात आला तेव्हा त्यांच्या संघात अमीर इलाही होता, आणि त्या मालिकेत भारताकडून हजारे, अधिकारी, गुल महंमद खेळले. एकेकाळी एकाच दरबाराचे चाकर असलेले हे चौघे, आता तिघे इकडे आणि एक तिकडे. पुढे गुल महंमदही पाकिस्तानात गेला आणि १९५६ मध्ये कराचीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडून एक कसोटी खेळला. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले खेळाडू फक्त तीन, त्यांतले दोन बडोद्याचे. तिसरे अब्दुल हफीज कारदार.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पगार देणारा दरबारच संपला. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली आणि फत्तेसिंहराव आले. ते स्वतः बडोद्याकडून खेळले आणि नंतर क्रिकेट मंडळाचे अध्यक्षही झाले, पण राजा म्हणून फौजेत हुद्दे वाटण्याचे दिवस गेले होते. हेमू अधिकारी मूळचे पुण्याचे, बडोद्याकडून दहा-बारा वर्षे खेळून ते लष्कराच्या सेनादल संघात गेले. होळकर संघ तर १९५५ नंतर त्या नावाने उरलाच नाही.

हजारे मात्र कुठे गेले नाहीत. १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढून आलेला, १९५२ मध्ये मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारा कप्तान. त्यांना कोणत्याही संघाने डोक्यावर घेतले असते. ते बडोद्याकडूनच खेळत राहिले. १९५७-५८ मध्ये दत्ता गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने पुन्हा करंडक जिंकला. अंतिम सामना सेनादलाशी होता आणि त्रेचाळीस वर्षांच्या हजाऱ्यांनी त्यात २०३ धावा काढल्या. दरबार विसर्जित होऊन नऊ वर्षे झाली होती. धाकटे बंधू विवेक हजारेही बडोद्याकडूनच खेळले. ही पगाराची निष्ठा नव्हे, पगार देणारा उरला नव्हता. बडोदे हे तोवर त्यांचे गाव झाले होते. १८ डिसेंबर २००४ रोजी ते तिथेच वारले.

आजच्या व्यवहाराशी हे ताडून पाहावे. हार्दिक पंड्या हा याच बडोद्याचा खेळाडू. मुंबई इंडियन्सने त्याला २०१५ मध्ये दहा लाखांत घेतले. २०२२ च्या हंगामाआधी प्रत्येक जुन्या संघाला चारच खेळाडू राखता येणार होते, तेव्हा मुंबईने रोहित शर्मा, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड यांना राखून हार्दिकला सोडले. नव्या गुजरात संघाने त्याला पंधरा कोटींना घेऊन कप्तान केले आणि त्याच वर्षी विजेतेपद मिळवले. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईने त्याला परत आणले. याला कोणी बेइमानी म्हणत नाही आणि म्हणूही नये, करार संपला की हिशेब मिटतो. यात खेळाडूचे भलेच झाले आहे, मालकाच्या लहरीवर त्याचे पोट आता अवलंबून नाही. फक्त या पद्धतीत हार्दिक मुंबईचा होत नाही आणि मुंबई हार्दिकची होत नाही.

गोव्याला हा प्रश्न आता खरोखरच पडला आहे, म्हणून तर हे सगळे लिहायला घेतले. मडगावात जन्मलेला दिलीप सरदेसाई मुंबईकडून खेळून मोठा झाला. त्या काळी गोवा भारतातच नव्हता, ठेवून घेणार कोण आणि कुठे! आपण रणजीत उतरलो ते १९८५-८६ मध्ये. नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला तीन बाहेरचे व्यावसायिक खेळाडू घेता येतात, आणि गोव्याने ते पुष्कळदा घेतले. २०२२ मध्ये अर्जुन तेंडुलकर आला, पदार्पणातच पर्वरीला राजस्थानविरुद्ध त्याने शतक काढले. अरुणाचलविरुद्धच्या त्या सामन्यातही पाच बळी त्याचेच. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वाल मुंबई सोडून गोव्याकडून खेळणार अशी बातमी आली तेव्हा आपल्याकडे केवढा गाजावाजा झाला. मे महिन्यात त्याने आपला अर्ज मागे घेतला.

नाक्यावरच्या गप्पांत दोन तट पडतात. एक म्हणतो, बाहेरचे कशाला, आपल्या पोरांची जागा जाते. दुसरा म्हणतो, बाहेरचे नसतील तर हरत राहा. बडोद्याकडे बघितले तर दोघांचेही अर्धे बरोबर. हजारे आले म्हणून बडोद्याच्या पोरांची जागा गेली असे झाले नाही, पण हजारे एका हंगामासाठी आले नव्हते. ते वीस वर्षे खेळले, आणि बडोद्याचा क्रिकेटर सकाळी मैदानावर गेला की जगातला एक उत्तम फलंदाज त्याच्याच संघात असे. पुढे अंशुमन गायकवाड, किरण मोरे, नयन मोंगिया, पठाण बंधू हे तिथलेच. २०००-०१ मध्ये बडोद्याने पाचव्यांदा करंडक जिंकला तो मुख्यतः घरच्या पोरांच्या बळावर.

एका हंगामाच्या पाहुण्याने हे होत नाही. तीन माणसे घ्यायचीच तर एकच घ्या, पण पाच वर्षांसाठी घ्या, आणि त्याला पणजीच्या हॉटेलात न ठेवता डिचोली, पेडणे, सांगे इथल्या मैदानांवर आठवड्यातून एकदा तरी उभा करा असे माझे मत. सत्तेचाळीस सालचा तो विक्रम बाहेरच्या दोघांनी केला. चोवीसचा पर्वरीचा आपल्या दोघांनी केला, आणि त्या दोघांना पुढची दहा वर्षे गोव्याकडे कसे ठेवायचे याची चर्चा मात्र मी अजून कुठे ऐकलेली नाही.